धरला आणि सोडला

आमच्या घरात मासा धरायचा तो खाण्यासाठी. हे इतके उघड होते की त्याबद्दल कधी कोणी बोललेही नाही. रत्नागिरी जिल्ह्यात खाडीकाठी माझे माहेर. अब्बा भरती-ओहोटीची वेळ पाहून खांद्यावर पाग टाकून निघायचे आणि दोन-तीन तासांनी टोपलीत बोयी, शेंगटी, नशिबात असेल तर एखादी तांबोशी घेऊन परतायचे. अम्मी मसाला वाटून वाट पाहत असायची. मासेमारी म्हणजे एवढेच, असे मी चाळीस वर्षे धरून चालले होते.

यंदाच्या उन्हाळी सुट्टीत मी भाईजानकडे अमेरिकेत, व्हर्जिनिया राज्यात गेले. तिथे मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात एक पूर्ण दिवस नदीवर काढला. सकाळी होडी पाण्यात लोटायची, दिवसभर प्रवाहाबरोबर मासे धरत खाली जायचे आणि संध्याकाळी दुसऱ्याच ठिकाणी उतरायचे. याला तिकडे ‘फ्लोट ट्रिप’ म्हणतात. माझ्या एकोणीस वर्षांच्या भाच्याने त्या दिवशी अकरा मासे धरले. मी एक धरला. बारापैकी एकही घरी आला नाही. रात्री आम्ही जो मासा जेवलो, तो दुकानातून आणलेला होता.

हा उलटा हिशेब मला पटायला वेळ लागला. अजूनही तो सगळा पटला आहे, असे मी म्हणणार नाही. पण त्या दिवसाने मला एक गोष्ट शिकवली, म्हणून हे लिहीत आहे.

जेवणाच्या टेबलावरचा वाद

आदल्या रात्री भाचा जेवणाच्या टेबलावर छोटा शिकंजा लावून बसला होता. त्यात गळ अडकवलेला. त्यावर तो हरणाच्या शेपटीचे केस आणि चमकदार धागे बांधत होता. भाबी कुरकुरत होती, “उद्या भातात केस निघाले तर मला बोलू नका.”

हीच ‘फ्लाय’. फ्लाय म्हणजे माशी, पण सगळ्या फ्लाय माश्यांसारख्या नसतात. काही छोट्या माशासारख्या, काही बेडकासारख्या, काही कालव्यातल्या झिंग्यासारख्या दिसतात. भाचा बांधत होता तिचे नाव ‘क्लाउझर मिनो’. पेनसिल्व्हेनियातले बॉब क्लाउझर हे सस्क्वेहाना नदीवर लोकांना मासेमारीला नेणारे गाइड. त्यांनी १९८० च्या दशकात ती तयार केली, तीही आम्ही धरायला निघालो होतो त्याच माशासाठी. गळाला शिशाचे दोन जड डोळे बांधायचे, म्हणजे ओढ थांबली की फ्लाय डोक्यावर बुडते आणि ओढले की उसळते. घाबरलेला छोटा मासा असाच पळतो. लेफ्टी क्रेह या नामवंत मच्छीमार-लेखकाने तिला हे नाव दिले आणि ती जगभर गेली.

मी सहज विचारले, “उद्या किती आणणार? भाबीला मसाला तेवढा काढायला सांगते.”

“एकही नाही, फुफू. आम्ही सोडून देतो.”

“मग धरता कशाला?”

तो हसला, पण मी हसले नाही. मला खरोखरच पटले नव्हते. पाण्यातली शिकार अल्लाहने आपल्यासाठी हलाल केली आहे. सूरह माइदामध्ये तर इहरामच्या अवस्थेत जमिनीवरची शिकार मना केली असतानाही पाण्यातल्या शिकारीला परवानगी आहे. पण ती अन्न म्हणून, प्रवाशांची शिदोरी म्हणून. दुसरीकडे, जिवंत प्राण्याला नेमबाजीचे निशाण करू नये, अशी प्रेषितांची (स.) ताकीद आहे. विनाकारण मारलेली चिमणी कयामतच्या दिवशी अल्लाहकडे फिर्याद करील, या आशयाची हदीस मी वर्गात मुलांना कितीदा सांगितली आहे. मग खायचे नसताना माशाच्या जबड्यात गळ रुतवणे, हा खेळ कुठला?

मी हे सगळे बोलून दाखवले. भाचा गप्प झाला. भाईजान म्हणाले, “उद्या तू चल. मग बोल.”

उत्तरेकडे वाहणारी नदी

पहाटे फजरनंतर निघालो. सव्वाशे किलोमीटरवर लुरे गाव. एका बाजूला ब्लू रिज डोंगररांग, दुसऱ्या बाजूला मॅसनटन डोंगर, आणि मधल्या खोऱ्यातून शेनंडोआ नदीचा दक्षिण फाटा वाहतो. आपल्या डोक्यात नकाशावर खाली म्हणजे दक्षिण, पण ही नदी उत्तरेकडे वाहते. फ्रंट रॉयल गावाजवळ तिला उत्तर फाटा मिळतो आणि पुढे हार्पर्स फेरीला ती पोटोमॅक नदीला जाऊन मिळते. तीच पोटोमॅक वॉशिंग्टन शहरावरून समुद्राकडे जाते.

फ्लोट ट्रिपची तयारी म्हणजे आधी गाड्यांची कसरत. होडी वर सोडायची आणि आपण खाली उतरणार, मग गाडी कुठे ठेवायची? म्हणून दोन गाड्या नेल्या. एक उतरण्याच्या ठिकाणी उभी केली आणि दुसरीतून सगळे वर आलो. होडी म्हणजे हवा भरलेला जाड रबरी तराफा, मध्ये वल्ह्यांसाठी लोखंडी चौकट. भाईजान वल्ह्यांवर, भाचा पुढे, मी मागे. सलवार-कमीजवर जीवरक्षक जाकीट, डोक्यावर ओढणी घट्ट बांधून वर टोपी. जाकिटे माणशी एक असावीच लागतात. मासेमारीचा परवानाही लागतो. व्हर्जिनियात सोळा वर्षांवरच्या प्रत्येकाला तो घ्यावा लागतो, पाहुण्यांनाही. भाच्याने माझा परवाना आदल्या रात्रीच काढला होता. याचा अर्थ, मी वाद घालूनही येणार, हे त्याने गृहीत धरले होते.

घाटावर एक फलक होता. त्यावर माशाचे चित्र आणि खाली बारीक मजकूर. होडी उतरवण्याच्या गडबडीत मी तो पूर्ण वाचला नाही.

आगगाडीतून आलेला मासा

या माशाचे नाव स्मॉलमाउथ बास. म्हणजे लहान तोंडाचा बास. त्याचा भाऊबंद असलेल्या लार्जमाउथचा जबडा डोळ्याच्याही मागे जातो, याचा जात नाही. रंग तांब्या-पितळेसारखा, अंगावर उभे गडद पट्टे आणि डोळे लालसर. थंड, वाहते, दगडगोट्यांचे पाणी त्याला आवडते. खाणे मुख्यतः नदीतले झिंगे, लहान मासे आणि किडे. त्या झिंग्यांना तिकडे क्रेफिश म्हणतात. भाच्याने एक दगड उलटून दाखवला, तर खाली बोटाएवढा, नांग्या उगारलेला. मी म्हटले, “हा तर चिंबोरीचा चुलतभाऊ.” भाईजान म्हणाले, “आपण शाफई, आपल्याला चालेल. पण तुझ्या हनफी नवऱ्याला विचारून खा.”

मला वाटले होते की हा मासा हजारो वर्षांपासून तिथलाच असेल. तसे नाही. तो मूळचा डोंगरापलीकडच्या, ओहायो आणि मिसिसिपीच्या खोऱ्यातला, आणि उत्तरेच्या मोठ्या सरोवरांतला. १८५४ मध्ये जनरल श्रायव्हर नावाच्या गृहस्थाने ओहायो खोऱ्यातल्या व्हीलिंग क्रीकमधून काही मासे धरले. बाल्टिमोर अँड ओहायो रेल्वेच्या वाफेच्या इंजिनामागे पाण्याची टाकी असे. तिच्यात ते ठेवून डोंगर ओलांडला आणि कंबरलँड येथे पोटोमॅककाठच्या कालव्यात सोडले. तिथून ते पोटोमॅकभर पसरले आणि तिच्या उपनद्यांतही आले. आज या नदीची ओळखच या माशाने होते.

भाचा म्हणाला, “आमच्यासारखाच आहे तो, फुफू. बाहेरून आला आणि इथला झाला.” भाईजान वल्ही मारता मारता क्षणभर थांबले, पण बोलले काही नाही. बावीस वर्षे झाली त्यांना इथे येऊन.

दोरी फेकायची, गळ नाही

आपल्याकडे गरवताना आमिषाला किंवा शिशाला वजन असते. ते भिरकावले की दोरी त्याच्यामागे जाते. फ्लाय फिशिंगमध्ये उलटे आहे. फ्लायला वजन जवळजवळ नसतेच. वजन असते ते जाड, रंगीत दोरीला. नऊ फुटी लवचिक काठीने ती दोरी हवेत मागे न्यायची, ती पूर्ण उलगडेपर्यंत थांबायचे आणि मग पुढे झोकायची. दोरीच्या टोकाला आठ-नऊ फूट बारीक पारदर्शक तंगूस असतो आणि त्याच्या टोकाला फ्लाय. दोरी सरळ उलगडली तर फ्लाय हलकेच पाण्यावर पडते.

सगळी मेख त्या थांबण्यात आहे. मी पहिली दहा-बारा वेळा घाई केली आणि दोरी माझ्याच टोपीभोवती गुंडाळली. भाचा म्हणाला, “मागे बघा. दोरी सरळ होऊ दे, मग पुढे.” तेव्हा मला अब्बांचा पाग आठवला. पागसुद्धा हाताच्या जोराने उघडत नाही. कमरेतून फिरावे लागते आणि सोडण्याची वेळ साधावी लागते. आधी सोडला तर गोळा होऊन पडतो. अब्बा भाईजानना हेच सांगत असत. मी भाईजानकडे पाहिले, तर ते हसत होते. त्यांनाही तेच आठवले होते.

नदी वाचणे हा दुसरा धडा. खाडीत पाणी सहा तास येते आणि सहा तास जाते, मासा त्याच्या मागे फिरतो. इथे पाणी एकाच दिशेने जाते, म्हणून मासा जागा धरून बसतो. नदीच्या तळातून चुनखडीचे आडवे बांध वर आले आहेत. त्यांच्यावरून पाणी खळखळत उतरते आणि लगेच खाली शांत डोह होतो. वाहत्या पाण्यात उभे राहिले तर शक्ती खर्च होते, पूर्ण शांत पाण्यात राहिले तर खाणे मिळत नाही. म्हणून बास दोन्हींच्या सीमेवर, मोठ्या दगडाच्या आडोशाला थांबतो आणि समोरून वाहत येणारे उचलतो. हमरस्त्याला लागून चहाची टपरी टाकणाऱ्याची अक्कल ती हीच.

भाईजान होडी कडेने तिरपी धरत आणि भाचा बरोबर त्या सीमेवर फ्लाय टाकून झटक्या-झटक्याने दोरी ओढत असे. पहिला मासा लागला तेव्हा काठीची कमान झाली आणि पितळी अंग पाण्याबाहेर दोन वेळा उसळले. दीड फुटाचाही नसेल, पण त्याचा जोर पाहून मी होडीची कड घट्ट धरली.

भाच्याने काय केले ते मी नीट पाहिले. गळाला उलटा काटा नव्हता, तो त्याने आधीच पकडीने दाबून टाकला होता. मासा फार वेळ दमवला नाही. हात पाण्यात ओले केले, कारण कोरड्या हाताने माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि मग त्याला रोग लागतो. मासा पाण्यातच ठेवून गळ काढला, प्रवाहाकडे तोंड करून क्षणभर धरला आणि सोडला. हे सगळे अर्ध्या मिनिटात झाले.

“त्याला दुखलं नसेल?” मी विचारले.

“दुखत नाही असं मी नाही म्हणणार,” तो म्हणाला. मला त्याचे हे उत्तर आवडले.

घरट्याचा राखणदार

दहाच्या सुमारास एका उथळ, निवांत कडेला त्याने काठी खाली ठेवली आणि बोट दाखवले. तळाच्या गाळात परातीएवढी स्वच्छ गोल जागा, जणू कोणी झाडून काढली होती. तिच्यावर एक मध्यम आकाराचा बास जागच्या जागी पंख हलवत होता.

तो नर होता. वसंतात पाणी साधारण पंधरा-सोळा अंशांच्या वर गेले की नर शेपटीने गोटे झाडून घरटे करतो. मादी अंडी घालून निघून जाते. मग अंड्यांची आणि पिलांची राखण बापच करतो. अंड्यांवर गाळ बसू नये म्हणून पंखांनी पाणी हलवत राहतो. जवळ येणाऱ्याला हुसकावतो. पिले पोहायला लागली तरी काही दिवस त्यांच्याबरोबर फिरतो. या काळात तो धड खातही नाही. पण काहीही जवळ आले तरी त्याच्यावर झडप घालतो, म्हणून त्याला धरणे फार सोपे. धरला आणि लगेच सोडला तरी तेवढ्या वेळात इतर मासे अंडी फस्त करतात.

“म्हणून घरट्यावरचा मासा आम्ही धरत नाही,” भाचा म्हणाला. मेअखेरीस बहुतेक घरटी रिकामी झालेली असतात, हे एखादे मागे राहिलेले. आम्ही तिथून लांबून गेलो.

रेतीच्या बेटावर

दुपारी नदीच्या मधोमध एका गोट्यांच्या बेटावर होडी ओढली. नदीच्याच पाण्याने वुजू केले. तिथे किब्ला ईशान्येला. आयुष्यभर पश्चिमेकडे तोंड करून उभे राहिलेल्या मला ती दिशा महिनाभरानंतरही सवयीची झाली नव्हती. प्रवासात असल्यामुळे जुहर आणि असर कसर करून एकत्र पढलो. समोर डोंगर, बाजूला खळखळणारे पाणी, आणि एक निळा-करडा बगळा आमच्या सलामापर्यंत हलला नाही.

डब्यात तांदळाची भाकरी, खिमा आणि मी गावाहून नेलेली सुक्या जवळ्याची चटणी. जेवताना मी परत विषय काढला. “इतका सुंदर मासा. एखादा तरी घ्यायचा, भाजायचा, बिस्मिल्लाह म्हणून खायचा. यात चूक काय?”

भाचा म्हणाला, “फुफू, घाटावरचा बोर्ड तुम्ही वाचला नाही.”

मग त्याने सांगितले. घरी आल्यावर मीही त्याबद्दल वाचले.

या दक्षिण फाट्याला वरून साउथ रिव्हर नावाची नदी मिळते. तिच्या काठी वेन्सबरो गावात एक कृत्रिम धाग्याचा कारखाना होता. १९२९ ते १९५० या काळात तिथल्या प्रक्रियेत पारा वापरला जाई आणि त्यातला काही नदीत गेला. हे लक्षात आले १९७० च्या दशकात. पारा पाण्याबरोबर वाहून गेला नाही. तो काठाच्या मातीत आणि तळाच्या गाळात बसला. तिथले सूक्ष्म जीव त्याचे मिथाइल मर्क्युरी नावाच्या विषारी रूपात रूपांतर करतात. ते किड्यांत जाते, किडे खाणाऱ्या लहान माशांत जाते आणि लहान मासे खाणाऱ्या बासच्या मांसात साठते. प्रत्येक पायरीवर त्याचे प्रमाण वाढत जाते. संशोधकांना ते नदीकाठच्या कोळ्यांत आणि ते कोळी खाणाऱ्या पक्ष्यांतही सापडले. २०१६ मध्ये नुकसानभरपाईपोटी सुमारे पाच कोटी डॉलरची तडजोड झाली. पण पारा अजून तिथेच आहे. कारखान्याने पारा वापरणे बंद केल्याला पाऊणशे वर्षे झाली आहेत.

म्हणून राज्याच्या आरोग्य खात्याचा तो फलक. या फाट्यातले मासे खाण्यावर मर्यादा आहे. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांनी आणि लहान मुलांनी तर ते टाळायचे, कारण पारा वाढत्या मेंदूवर घाला घालतो.

एवढेच नाही. २००४ च्या वसंतात उत्तर फाट्यात आणि २००५ मध्ये दक्षिण फाट्यात बास मोठ्या संख्येने मेले. अंगावर फोड आणि जखमा. मोठ्या माशांपैकी बहुसंख्य गेल्याचा अंदाज होता. त्याच सुमारास पोटोमॅकच्या खोऱ्यात नर बासच्या शरीरात अंड्यांच्या पेशी आढळू लागल्या. शास्त्रज्ञांनी वर्षानुवर्षे तपास केला, पण एकच एक गुन्हेगार हाती लागला नाही. शेतांतली रसायने, कोंबड्यांच्या आणि गुरांच्या गोठ्यांतली घाण, सांडपाणी, जंतू, परोपजीवी, सगळ्यांवर संशय आहे. या खोऱ्यात कोंबड्यांचे मोठमोठे फार्म आहेत. जी कोंबडी आपण स्वस्त म्हणून घेतो, तिचा हिशेब कुठेतरी नदी चुकता करत असते.

“मेलेले मासे सगळ्यात आधी कोणी पाहिले, माहितेय?” भाचा म्हणाला. “ह्याच लोकांनी. धरून सोडणाऱ्यांनी. तेच रोज नदीवर असतात.” या नदीवर लोकांना मासेमारीला नेणाऱ्या एका गाइडने तो धंदा सोडला आणि पुढे शेनंडोआची राखण करणाऱ्या संस्थेचे काम हाती घेतले. गुरे नदीत उतरू नयेत म्हणून कुंपणे घालण्यासाठी, घाण सोडणाऱ्यांना कायद्यासमोर उभे करण्यासाठी ही मंडळी झटत आली आहेत.

भाच्याची एक वही होती, प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली. तारीख, पाण्याचे तापमान, पातळी, किती मासे, कोणाच्या अंगावर जखम होती का. सहा वर्षांच्या नोंदी. तेराव्या वर्षापासून तो लिहीत होता आणि मला, एका शिक्षिकेला, ते माहीत नव्हते.

माझा मासा

तिसऱ्या प्रहरी भाच्याने माझ्या काठीला पॉपर बांधला. म्हणजे हलक्या फोमचा, पाण्यावर तरंगणारा, बेडकासारखा. काठाशी लव्हाळ्यासारख्या गवताचे पट्टे होते. “त्याच्या कडेला टाका. टाकला की हलवू नका. गोल लाट विरेपर्यंत थांबा.”

मी थांबले. लाट विरली. मग दोरीला एक हलका झटका दिला, ‘पुळुक’ असा आवाज झाला, आणि पॉपर होता तिथे खड्डा पडल्यासारखे पाणी गिळले गेले. पुढचे मला क्रमाने आठवत नाही. भाईजान ओरडत होते, “दोरी ढिली सोडू नको!” मासा एकदा उसळला, होडीखाली गेला, परत बाहेर आला.

हात ओले करून मी तो धरला. वीतभराहून थोडा मोठा. भाचा म्हणाला की एवढा व्हायला त्याला तीन-चार वर्षे लागली असतील. लाल डोळा माझ्याकडे वळलेला. गळ सहज निघाला. मी त्याला पाण्यात, प्रवाहाकडे तोंड करून धरले. क्षणभर तो तसाच राहिला, मग त्याच्या शेपटीने माझ्या तळहाताला रेटा दिला आणि तो गेला.

तेव्हा मला एक गोष्ट आठवली, जी इतक्या वर्षांत कधी आठवली नव्हती. अब्बा पाग काठावर झटकत, तेव्हा बोटाएवढ्या बोयी आणि अंडी पोटाशी धरलेल्या चिंबोऱ्या वेचून परत पाण्यात टाकत. म्हणत, “जा, मोठी होऊन ये.” म्हणजे सोडण्याची रीत आमच्या घरातही होती. मीच ती मोजली नव्हती.

पण अब्बा सोडत ते उद्या खाण्यासाठी. या नदीवर तो उद्याच कोणीतरी पाऊणशे वर्षांपूर्वी काढून घेतला आहे. मासा हलाल आहे, ताजा आहे, हातात आहे, आणि तरी पोटुशी बाईला तो खाऊ घालता येत नाही. माशाच्या जबड्याला अर्धा मिनिट गळ लावणाऱ्या मुलाशी मी आदल्या रात्री भांडले होते. अख्खी नदी नासवणाऱ्यांविरुद्ध मात्र माझ्याकडे एकही हदीस तयार नव्हती. खरे तर होती. वाहत्या पाण्याच्या काठी वुजू करतानाही पाणी वाया घालवू नये, ही शिकवण आपल्या प्रत्येक मुलाला पाठ असते. आपण ती नळापाशी सांगतो आणि तिथेच थांबतो.

धरून सोडणे योग्य की अयोग्य, याचा निवाडा करणारी मी कोणी आलिमा नाही. ज्यांना हा छंद करायचा असेल त्यांनी आपल्या विश्वासातल्या आलिमांना जरूर विचारावे. माझ्या मनातली शंका पूर्ण गेलेली नाही. निव्वळ फोटोसाठी मासा पाण्याबाहेर लटकवणारेही मी त्या दिवशी दुसऱ्या होडीत पाहिले, आणि मला ते आवडले नाही. पण मी भाच्याला जे म्हटले होते ते मागे घेतले. त्याच्यासाठी तो नुसता खेळ नव्हता. नदीची नाडी हातात धरून बसण्याचा तो त्याचा मार्ग होता.

आपली खाडी

आमच्या खाडीच्या वरच्या अंगाला रासायनिक कारखाने आले, त्याला आता बराच काळ लोटला. मेलेले मासे काठाला लागलेले मी डोळ्यांनी पाहिले आहेत, पाण्याला आलेला वासही घेतला आहे. अब्बांनी शेवटची चार वर्षे पाग खुंटीवरून काढला नाही. विचारले तर गुडघ्याचे कारण सांगत. त्या नदीवर निदान फलक आहे. कोणता मासा, किती, कोणी खाऊ नये, हे तपासून लिहिलेले आहे. आमच्या काठावर मी असा फलक पाहिलेला नाही. माझ्या वर्गातल्या मुली घरी शिजेल ते खातात आणि उद्या त्या आया होणार आहेत.

मी काही मोठे केलेले नाही. जूनमध्ये शाळा सुरू झाल्यावर सातवीच्या वर्गाला एक जाड वही दिली. ज्यांच्या घरी खाडीतला मासा येतो, त्या मुलांनी दर सोमवारी लिहायचे: तारीख, कोणता मासा, किती, कुठे मिळाला, पाण्याचा रंग कसा होता, मेलेले मासे दिसले का. अक्षर कसेही असो, नोंद खरी हवी. भोयांची मुले, आमची मुले, सगळी लिहितात. आपल्या आजोबांना विचारून ‘पूर्वी मिळायचे, आता मिळत नाहीत’ अशा माशांची यादीही त्यांनी केली. ती दीड पान भरली.

पहिल्या महिन्याची पाने मी फोनवरून भाच्याला पाठवली. त्याने लगेच विचारले, पाण्याचे तापमान का नाही घेत? आता वर्गात एक थर्मामीटर आहे. डिसेंबरच्या सुट्टीत तो गावी येणार आहे, इन्शाअल्लाह. त्याला पाग टाकायला शिकायचे आहे. अब्बांचा पाग खुंटीवरून उतरवून मी पाहिला, तीन ठिकाणी फाटला आहे आणि शिशाच्या काही गोळ्या गळून पडल्या आहेत. गावात पाग विणणारे एक वयस्कर गृहस्थ अजून आहेत. त्यांच्याकडे तो दुरुस्तीला दिला आहे.